लक्षणं पाठ, दुखणं तसंच

मुंबईत आणि आसपास कित्येक पिढ्या एक टोमणा चालत आला : "याला ठाण्याला पाठवा." पुढचं सांगावं लागत नसे. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झालं आणि अख्ख्या शहराचं नाव त्या एका आवाराला चिकटलं. कोपीनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव, टेंभी नाक्याची नवरात्रातली देवी ही ठाण्याची ओळख ठाणेकरांपुरती. बाहेरच्यांना ठाणं म्हणजे 'ते हॉस्पिटल'.

शहर पुढे बदललं. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यातच 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. आयपीएच या नावाने ती घरोघरी पोचली आणि परीक्षेचा ताण, नात्यांतला गुंता, दारूचा प्रश्न अशा कारणांसाठी साधी, कामधंदा करणारी माणसं तज्ज्ञाचं दार वाजवू लागली. अलीकडे आणखी एक गंमत झाली. टेंभी नाक्यावरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी नवी इमारत बांधायला घेतली, तेव्हा तिथली रुग्णसेवा मनोरुग्णालयाच्या शेजारी हलवण्यात आली. ज्या बाजूला जायचं नाव काढलं तरी लोक दचकायचे, तिकडे आता ताप-खोकल्याचा पेशंटही रिक्षा करून जातो.

तरीही एक गट या दारापाशी अजून अडखळतो, आणि तो गट म्हणजे मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी. ज्यांना दाराच्या आत काय चालतं ते इतरांपेक्षा नीट ठाऊक आहे, तेच बाहेर रेंगाळतात. आघाताची लक्षणं स्वतःत दिसू लागल्यावर अशा विद्यार्थ्याने काय करावं, हा या प्रकरणाचा विषय. उत्तर आधीच सांगून टाकू : लक्षणांची नावं ठाऊक असणं हा उपचार नव्हे. बऱ्याचदा तीच माहिती उपचार लांबवण्याचं सगळ्यात सभ्य कारण होऊन बसते.

पुस्तकातली चार लक्षणं

एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. ती कोणी एक व्यक्ती नाही, अनेकींची मिळून बनवली आहे, म्हणून तिला नाव देत नाही. घर डोंबिवलीला, कॉलेज ठाण्यात, एम.ए.चं पहिलं वर्ष. रोजचा प्रवास कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे असा. ९ जून २०२५ च्या सकाळी याच मार्गावर, दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या दुर्घटनेची देशभर चर्चा झाली. पण गाडीतून माणूस पडणं ही या मार्गावर एरवी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी असते. आपली विद्यार्थिनी अशाच एका दोन ओळींच्या अपघाताच्या वेळी दारापासून तीन माणसं आत उभी होती. तिने हात पाहिला, मग तो दिसेनासा झाला. गाडी ठाण्याला वेळेवर पोचली आणि ती लेक्चरला जाऊन बसली.

तीन महिन्यांनी अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला फळ्यावर पीटीएसडीची लक्षणं लिहिली जातात. ती वहीत उतरवते, आणि उतरवता उतरवता पेन थांबतं.

पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकृती, हे निदान अधिकृत झालं १९८० साली, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या थरथरत्या हातांना 'शेल शॉक' म्हटलं जाई. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि बलात्कारपीडित स्त्रियांबरोबर काम करणाऱ्यांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला, तेव्हा कुठे हे दुखणं अशक्तपणा किंवा भित्रेपणा नव्हे असं पुस्तकात छापलं गेलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने लक्षणांचे चार गट केले.

पहिला गट घुसखोरीचा. आठवण बोलावल्याशिवाय येते : स्वप्नात, जागेपणी, कधी इतकी जिवंत की प्रसंग आत्ताच घडतो आहे असं वाटावं. दुसरा गट टाळण्याचा. आपली विद्यार्थिनी आता लोकलऐवजी बसने, दोन बदल करत ठाण्याला येते आणि घरी सांगते, "गर्दी कमी असते." तिसरा गट विचार आणि भावना यांच्यातल्या बदलांचा : 'मी हात पुढे केला असता तर', 'जगात कशाचाच भरवसा नाही', आवडीच्या गोष्टींतून उडालेलं मन. चौथा गट सदैव सावध असण्याचा : झोप न लागणं, चिडचिड, जरा आवाज झाला की दचकणं. टेंभी नाक्यावर दहीहंडीच्या दिवशी स्पीकरच्या भिंती लागतात, चढाओढीने थर चढतात आणि थर कोसळला की गर्दीतून एक आरोळी उठते. बाकीच्यांसाठी ती मजा असते. हिच्या पोटात गोळा येतो आणि ती मैत्रिणींना न सांगता गल्लीतून निघून जाते.

ही लक्षणं एका महिन्याहून जास्त टिकली आणि त्यांनी अभ्यास, काम, नाती यांत अडथळा आणला, तरच पीटीएसडीचं निदान होतं. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, रडू येणं, तेच तेच आठवणं हे अपेक्षितच असतं. बहुतेक माणसं त्यातून आपोआप सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी आघातकारक प्रसंग अनुभवल्याचं सांगितलं, तर आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्यांचं प्रमाण साधारण ४ टक्के निघालं. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. आघात सर्वसाधारण आहे आणि त्यातून सावरणंही सर्वसाधारण आहे. पण जे सावरत नाहीत त्यांचं न सावरणं हा हट्ट नसतो.

कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या मुलांना उदाहरणं शोधायला परदेशी पुस्तकात जावं लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर आई-वडिलांच्या बोलण्यात अजून येतो. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला तेव्हा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला तिथेच अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. शाळकरी वयात पहिला आणि कॉलेजात असताना दुसरा हादरा ऐकलेली मुलं आज या वर्गांत बसली आहेत.

मात्र अशा सामूहिक आपत्तीला निदान साक्षीदार असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा महाराष्ट्रातले मनोविकारतज्ज्ञ आणि कार्यकर्ते गावांत जाऊन लोकांशी बोलले. दुःखाला वाचा फुटायला तिथे गावकीचा आधार होता. ज्या आघाताला साक्षीदारच नसतो, त्याचं काय? घरातल्या माणसाने लहानपणी केलेला लैंगिक अत्याचार, रोजची मारहाण, जवळच्या माणसाने घेतलेला गळफास हे सगळ्यात जास्त झाकलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणाने अत्याचार-मारहाणीसारख्या दीर्घ, वारंवार आघातांतून उद्भवणाऱ्या 'जटिल पीटीएसडी'ला वेगळी नोंद दिली. त्यात आधीच्या लक्षणांबरोबर स्वतःविषयीची घृणा, भावना आवरता न येणं आणि नाती टिकवताना होणारी दमछाक यांचीही भर असते.

हुशारीने केलेली टाळाटाळ

मानसशास्त्राच्या वर्गात एक जुना विनोद आहे : जे प्रकरण शिकवाल तो आजार अर्ध्या वर्गाला होतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांतही हे आढळतं. त्यामुळे लक्षण दिसलं की विद्यार्थिनी आधी स्वतःलाच वेड्यात काढते : "मला काही झालेलं नाही, मी फक्त प्रकरण मन लावून वाचलं." हा मुद्दा अगदीच खोटा नाही. पण वाचनाने आलेलं भय पुढचं प्रकरण सुरू झालं की जातं. प्रवासाचा मार्ग बदलायला लावणारं, झोप उडवणारं, महिनोन् महिने टिकणारं भय वाचनातून येत नाही.

मग चाचणी. पीसीएल-५ ही पीटीएसडीची प्रश्नावली संशोधनात खूप वापरली जाते. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, कमाल बेरीज ८०, आणि ३१ ते ३३ च्या पुढे गेल्यास पीटीएसडी असण्याची शक्यता धरून सविस्तर तपासणी करायची. विद्यार्थिनी रात्री खोलीचं दार लावून ती सोडवते. स्वतःच प्रश्न वाचते, स्वतःच गुण देते, आणि सीमा ठाऊक असल्याने दोन ठिकाणी 'बऱ्यापैकी' खोडून 'थोडं' करते. बेरीज येते २९. ती वही मिटते.

त्यानंतर प्रबंधाचा विषय ठरतो : 'उपनगरी रेल्वे प्रवाशांतील आघातोत्तर ताण'. नमुना शंभर प्रवाशांचा. ती शंभर जणांना विचारते, "गेल्या महिन्यात तुम्हाला त्या प्रसंगाची नकोशी आठवण किती वेळा आली?" स्वतःला मात्र विचारत नाही. मार्गदर्शक खूश असतात, कारण मुलगी विषयात बुडालेली दिसते. स्वतःच्या जखमेवर संशोधन करू नये असा काही नियम नाही. कित्येकांचं उत्तम काम तिथूनच आलं आहे. पण जखम उघडी असताना तिच्यावर सांख्यिकी चढवली, तर संशोधनही बिघडतं आणि माणूसही.

याला मानसशास्त्रातच नाव आहे : बौद्धिकीकरण. भावनेच्या जागी संकल्पना बसवायची. परीक्षेत बचावयंत्रणांवर टीप लिहिणारी विद्यार्थिनी हीच यंत्रणा रोज वापरते आणि तिला ती अभ्यास समजते. लोकल टाळणं निदान दिसतं तरी. पुस्तकाआडून टाळणं दिसत नाही, वर त्याला गुण मिळतात.

घरचं वातावरण हे झाकण घट्ट करतं. आई मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मुलीला जरा बरंही वाटतं, कारण कोणीतरी तिच्याकडे निरखून पाहिलेलं असतं. बाबा म्हणतात, "लोकलने सगळेच जातात." आणि सणाला आलेली आत्या हसत म्हणते, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! तू म्हणे दुसऱ्यांना बरं करणार?" थट्टाच, पण भीती नेमकी तीच असते. हे कोणाला कळलं तर मी सायकॉलॉजिस्ट व्हायला नालायक ठरेन का?

खुर्चीच्या दोन्ही बाजू

या भीतीला इतिहासाने दिलेलं उत्तर स्पष्ट आहे. फ्रॉइडने १९१२ सालच्या एका लेखात मनोविश्लेषण करू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःचं विश्लेषण दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्यावं या झुरिकच्या शिष्यांच्या आग्रहाची वाखाणणी केली. पुढे मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षण संस्थांनी तो नियमच केला. आजही जगातल्या कित्येक समुपदेशन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने स्वतः काही तास समुपदेशन घेणं सक्तीचं असतं. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ही सक्ती नाही, आणि ती नाही म्हणून अशी गरजच नसते असा समज पसरतो.

पुढची उदाहरणं ठसठशीत आहेत. आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांसाठी डीबीटी ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान सतरा वर्षांच्या असताना, १९६१ साली, स्वतः अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात. के रेडफिल्ड जेमिसन या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःच्या द्विध्रुवीय आजाराविषयी १९९५ मध्ये 'अ‍ॅन अनक्वायट माइंड' हे पुस्तक लिहिलं. दोघींनीही उपचार घेतले, दोघींनीही आयुष्यभर उपचार दिले.

यावर मराठी विद्यार्थी हटकून एक प्रतिवाद करतो, कारण अल्बर्ट एलिस आपल्याकडे घरचा माणूस आहे. एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार असलेले डॉ. कि. मो. फडके, पुढे डॉ. नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यांच्यामुळे विवेकनिष्ठ मानसोपचाराची एलिसची पद्धत, म्हणजे आरईबीटी, महाराष्ट्रात इतर कुठल्याही पद्धतीपेक्षा जास्त मुरली. एकोणीस वर्षांचा एलिस बायकांशी बोलायला घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बागेत जाऊन त्याने शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा सपाटा लावला आणि भीती घालवली, ही गोष्ट कार्यशाळांत हमखास सांगितली जाते. "मग मीही माझं मीच का करू नये?" असं विद्यार्थी विचारतो.

लाजाळूपणा आणि आघात यांच्यात फरक आहे म्हणून. नकाराच्या भीतीवर एलिसने लढवलेली युक्ती चांगलीच होती, पण त्याला रात्री बाग पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसत नव्हती. आघाताच्या आठवणीजवळ जाताना शरीर अचानक थिजतं, श्वास अडकतो, कधी आजूबाजूचं भानच सुटतं. त्या क्षणी आपल्याला सावरणारं दुसरं माणूस समोर लागतं. दातांचा डॉक्टर कितीही निष्णात असो, स्वतःची दाढ काढायला तो दुसऱ्याच्याच खुर्चीत बसतो.

कोणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं ते देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. ते मानसोपचार करतात आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. समुपदेशक या पाटीमागे मात्र नाना प्रकारचं शिक्षण असू शकतं, तेव्हा पदवी कोणती, आघाताच्या उपचारांचं प्रशिक्षण कुठे घेतलं आणि देखरेखीखाली काम केलं का, हे विचारून घ्यावं. चांगल्या तज्ज्ञाला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

आवडत्या प्राध्यापकांकडे उपचार मागू नयेत. ते उत्तम समुपदेशक असतील, तरी तुमच्या पेपरला गुण देणारा आणि तुमचं गुपित ऐकणारा माणूस एकच असणं दोघांनाही जड जातं. व्यवसायाच्या नीतिनियमांत याला दुहेरी नातं म्हणतात आणि ते टाळायला सांगतात. सरांना किंवा मॅडमना एवढंच सांगावं : "मला कोणाकडे तरी जायचं आहे, नाव सुचवाल का?" समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकात जोडीदार म्हणून बसलेल्या वर्गमैत्रिणीसमोरही सगळं ओतू नये. तीही शिकाऊच असते, आणि प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर तिला ते ओझं ठेवायला जागा नसते.

गुप्ततेचं काय? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कॉलेजला, भावी मालकाला, शेजाऱ्याला ती कळवता येत नाही. अपवाद आहेत : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. शिवाय १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवावं लागतं. हे अपवाद तुमच्या बाबतीत कसे लागू होतात, ते पहिल्याच भेटीत विचारा. ऐकून मगच किती सांगायचं ते ठरवा.

पहिल्या भेटीत सगळं सांगावं लागतं हा मोठा गैरसमज. तिथे बहुतेक वेळा आजची गोष्ट विचारली जाते : झोप कशी आहे, जेवण कसं आहे, घरात कोण आहे, मरणाचे विचार येतात का, दारू किंवा गोळ्या घेता का. संवाद साधारण असा सुरू होतो.

"मॅडम, मला माझं निदान माहीत आहे."

"छान. मग आज इथे कशी आलीस?"

"झोप येत नाही."

"बस. तिथूनच सुरू करू."

हुशार विद्यार्थिनीला निदान बाजूला ठेवायला लावणं हे पुढच्या काही भेटींचं मोठं काम असतं. ती "मला हायपरअरौजल होतं" म्हणते, तेव्हा तज्ज्ञ विचारतात, "म्हणजे कुठे काय होतं? मानेत? पोटात?" प्रश्न पुस्तकाबाहेरचा असतो, आणि बऱ्याचदा ती पहिल्यांदा तिथेच रडते.

पायरी पायरीने

ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात उपचाराचे तीन टप्पे सांगितले : आधी सुरक्षितता, मग आठवणीला सामोरं जाणं आणि शोक, मग जगण्याशी पुन्हा जोडून घेणं. घरात अत्याचार अजून चालू असेल तर आधी तो थांबवायला हवा. आठवणींचं काम त्यानंतरचं.

दुसऱ्या टप्प्यासाठी भक्कम पुरावा असलेल्या पद्धती आहेत. पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी 'माझीच चूक' यासारख्या अडकलेल्या विचारांवर साधारण बारा बैठकांत काम करते. फ्रान्सिन शपिरो यांच्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवायची असते. तिचा उपयोग होतो याचे पुरावे आहेत, पण नजर फिरवण्याचा त्यात वाटा किती यावर संशोधकांत वाद आहे. एडना फोआ यांची दीर्घ सामोरेपणाची पद्धत जरा जवळून पाहू, कारण आपल्या विद्यार्थिनीची अडचण तिच्यात नीट बसते.

टाळल्याने भीती लगेच उतरते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. नकारात्मक प्रबलनावर पाच गुणांची टीप लिहिलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. उपाय उलटा : भीतीजवळ, पण ठरवून आणि सोबतीने, इतका वेळ थांबायचं की शरीराला 'हे आत्ता घडत नाहीये' हे नव्याने शिकता यावं. त्यासाठी उतरंड लिहायची. प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असा त्रासाचा आकडा द्यायचा. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे यांची.

तिची उतरंड अशी असू शकते : भर दुपारी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभं राहून गाड्या पाहणं, ३०. मैत्रिणीबरोबर फलाटावर बसून तीन गाड्या सोडणं, ४०. दुपारच्या रिकाम्या धीम्या लोकलने कोपरपर्यंत जाणं, ५०. दिवा ते मुंब्रा बसून, खिडकीकडे तोंड करून, ६५. तेच एकटीने, ७५. महिला डब्यात दाराजवळ उभं राहून, ८५. एकेका पायरीवर आकडा निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा पुन्हा जायचं, मगच पुढची पायरी. सकाळच्या गर्दीत दारात लटकणं या उतरंडीत येतच नाही. ते धोक्याचंच आहे, आणि धोक्याची भीती घालवणं हे उपचाराचं काम नव्हे.

याच्या जोडीला तज्ज्ञांच्या खोलीत दुसरं काम चालतं. डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग सांगायचा : "मी उभी आहे. गाडी वळणावर आली आहे. मला हात दिसतोय." सांगितलेलं रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. पहिल्यांदा ती कथा दोन वाक्यांत संपते. चौथ्या-पाचव्या वेळी तिच्यात तपशील येतात. डब्यातल्या एका बाईने तिला धरून मागे ओढलं होतं, हे तिला तेव्हा आठवतं. हात पुढे करणं शक्यच नव्हतं. अपराधीपणाला पडलेलं खिंडार समजुतीच्या शब्दांनी पडत नाही, अशा तपशिलाने पडतं. हे काम साधारण आठ ते पंधरा बैठका चालतं, आणि सुरुवातीला त्रास थोडा वाढूही शकतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते सुरू करू नये, एवढं नियोजन जरूर करावं.

औषधांचीही मदत होते. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांसारखी एसएसआरआय गटातली औषधं पीटीएसडीत वापरली जातात. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेंझोडायझेपिन गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रासावर त्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

व्यवसायाचा पाया

उपचार घेतलेला विद्यार्थी चांगला मानसोपचारक होतोच असं नाही. बरं झाल्याच्या उत्साहात आपलीच गोष्ट प्रत्येक पेशंटमध्ये पाहण्याचा धोका असतो, आणि म्हणून देखरेखीखालचं काम व्यावसायिकाला कधीच सुटत नाही. पण उपचार टाळलेला विद्यार्थी पेशंटसमोर हमखास अडखळतो. एक दिवस समोर लोकलमधून मुलगा गमावलेली आई येते. ती अपघाताचं वर्णन करू लागते, आणि तज्ज्ञ तिला नकळत विषय बदलायला लावतो. आईला वाटतं, डॉक्टरलाही हे ऐकवत नाही, म्हणजे हे बोलण्यासारखंच नाही. ती पुन्हा येत नाही. विद्यार्थ्याच्या टाळाटाळीची किंमत अशी तिसरंच माणूस मोजतं.

संस्थांची जबाबदारीही आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. तुमच्या कॉलेजात तो आहे का, कोणत्या खोलीत बसतो, किती वाजता भेटतो, हे आजच विचारा. मानसशास्त्र विभाग असलेल्या कॉलेजांनी तर त्यापुढे जाऊन विभागाबाहेरच्या तज्ज्ञांची यादी फलकावर लावावी, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःच्या शिक्षकासमोर जावं लागणार नाही.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आहे. 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर हे प्रकरण इथेच ठेवा, आधी तो क्रमांक लावा आणि घरातल्या एका माणसाला उठवून सांगा.

बाकीच्यांना एकच सांगणं. लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली असतील, तुमचा रस्ता, झोप किंवा माणसं त्यांनी बदलली असतील, तर पुढचं पुस्तक मागवण्याआधी भेटीची वेळ घ्या. 'सेमिस्टर संपल्यावर बघू' असं म्हणू नका, कारण त्यानंतर पुढचं सेमिस्टर येतं. मानसशास्त्राचं शिक्षण तुम्हाला उपचारापासून सूट देत नाही. दारावरची पाटी वाचून योग्य दार निवडता यावं, एवढी सोय ते करतं. तिचा उपयोग आधी स्वतःसाठी करा.